अर्ध्यावर थांबवलेला धवला

आईला गाडीत घालून पनवेलला न्यायचं, माइकपुढे बसवायचं, तिच्या तोंडून अर्धं गाणं काढून घ्यायचं आणि उरलेलं अर्धं तिच्याच घशात परत कोंबून लोकांना चहा प्यायला पाठवायचं, असला मुलगा भीमाबाईच्या पोटी आला होता. बरं, दारू पीत असता तर दारूला शिव्या देता आल्या असत्या. बायकोच्या ताटाखालचं मांजर झाला असता तर बायकोला. पण चारुदत्तला ना दारू, ना बायको. त्याला व्यसन एकच, विचार करायचं. त्या व्यसनाचा गुत्ता नेमका कुठे आहे ते भीमाबाईला कधी कळलं नाही, नाहीतर तिने स्वतः जाऊन तो मोडला असता.

आणि भीमाबाई म्हणजे काही रस्त्यावरची बाई नव्हती. कोन गावात तिचं नाव घेतल्याशिवाय मांडव उभा राहत नव्हता. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागाहून आला, आधी होती ती धवलारीण. मांडवात बसून ती धवले गाते आणि त्या गाण्यांनीच लग्न लागतं. हळदीच्या दिवशी मांडवात पाट मांडायचा, पाटावर तांदळाची रास, शेजारी दिवा, उंबराची डहाळी. मग धवलारणीने एकेका देवाला नावाने हाक मारायची. आधी लांबच्यांना, मग जवळच्यांना. डोंगरावरची आई, आपटा गावची नदीकाठची, खाडीवरचा राखणदार, ओवे गावच्या वेशीवरची, आणि सगळ्यांत शेवटी आपली गावदेवी. कुणाच्या दारात यायचं तेही सांगायचं, यजमानाचं नाव घेऊन. लग्न उरकलं की त्याच यजमानाने पाटासमोर मांडी घालायची, तांदूळ हातात घ्यायचे, आणि धवलारीण गाईल तसं एकेकाला आपापल्या घरी पाठवायचं. बोलावणं झालं की बोळवण झालीच पाहिजे. घरी बोलावलेल्या माणसाला कुणी दारात उभं ठेवून दिवा विझवतं का? मग देवाला कसं ठेवायचं?

हे सगळं तिला सासूने शिकवलं होतं, मिठागरावर टोपल्या वाहता वाहता. शाळा म्हणाल तर दुसरी. पाटीवर बेरीज यायच्या आधी तिच्या डोक्यावर टोपली आली. पण तिला जे येत होतं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि ह्याचा तिला कमरेच्या चाव्यांपेक्षा जास्त माज होता.

आता ह्या मुलाचं सांगायचं तर घरात तो दत्तू होता. शाळेत घालताना मास्तर म्हणाले, काशिराम, ह्याचं नाव चारुदत्त लिहितो, पोरगं हुशार दिसतं. भीमाबाईच्या नवऱ्याला मास्तर म्हणतील ते देववाक्य. नाव एवढं लांब झालं आणि पोरगं त्या नावामागे लांब लांब जात राहिलं. पनवेल, मग पुणे, मग बेल्जियम नावाचा कुठला देश. तिथून परत आला तो विद्यापीठात शिकवायला लागला. काय शिकवतो विचारलं तर म्हणे धर्माचं तत्त्वज्ञान. गावातल्या बायका विचारत, "भीमावैनी, तुमचा चारू करतो तरी काय?"

"देवाचा काम करतो."

"म्हंजे भटजी झाला?"

"भटजीला देव ठाव असतो. याला तोच ठाव नाय, म्हनून सरकार पगार देतं."

बायका हसायच्या, भीमाबाईही हसायची. पण पोटात कुठेतरी गोड वाटायचंच. तिच्या मुलाचं नाव पेपरात यायचं. चष्मेवाले, दाढीवाले लोक त्याच्या मागे फिरायचे. आणि एकदा जेवताना त्याने तिला सांगितलं होतं की त्याच्या सगळ्या विचाराचं मूळ तिच्या मांडवात आहे.

"लहानपणी मी तुझ्या मागे बसायचो, आये. तू सगळ्यांना हाका मारायचीस आणि पाटावर नुसते तांदूळच असायचे. मी टक लावून बघायचो, आता कोण येतं. कुणी यायचं नाही. पण सगळे असे वागायचे की जागा भरलीय. तेच मी आयुष्यभर लिहितोय."

"काय लिवतोस?"

"पूर्वी लोकांकडे एक मोठी गोष्ट होती, सगळं जग तिच्यात बसायचं. देव, राजा, शास्त्र. ती फुटली. आता तिचे तुकडे घेऊन जो तो भांडतोय की माझाच तुकडा खरा. मी म्हणतो, देव म्हणजे ज्याच्यासाठी आपण जागा ठेवतो, पण जो येऊन ती जागा अडवत नाही. तो आलाय, आमच्याच घरी उतरलाय असं कुणी म्हणायला लागलं की मग मारामाऱ्या होतात. म्हणून धर्म म्हणजे नुसतं बोलावणं. येणं नाही."

भीमाबाईने त्याच्या ताटात भाकरी वाढली. "मग माझ्या मांडवात मी काय कावलं बोलावत व्हते?"

तो हसला. पुढे त्याने पुस्तक काढलं, 'न आलेला पाहुणा'. आधी इंग्रजीत, मग मराठीत. पहिल्या पानावर लिहिलं होतं, आईस. भीमाबाईने ते देवघराशेजारी ठेवलं, पण देवघरात नाही ठेवलं.

लग्नाच्या गाण्यावर पुस्तक लिहिणाऱ्या ह्या मुलाने स्वतः लग्न मात्र केलं नाही. थोरल्या विठूच्या दारात भीमाबाईने धवले गायले. दिरांच्या, पुतण्यांच्या, गावातल्या काळ्या कुत्र्याच्यासुद्धा दारात गायले असते, पण चारुदत्तच्या दारात नाही. त्याचं दारच नव्हतं. पन्नाशी उलटली तरी त्याचं नाव तिच्या तोंडून धवल्यात कधी आलं नव्हतं. हे ती कुणाजवळ बोलली नाही. बोलायची ती बाईच नव्हती.

तर त्या हिवाळ्यात हा घरी आला आणि म्हणाला, "आये, पनवेलच्या कॉलेजात धर्मावर चर्चासत्र आहे. शेवटचं भाषण माझं. तू येऊन बोलावणं गाशील?"

"मांडव कुठं हाय?"

"हॉल आहे. एसी आहे."

"एसीत काय देव थंडीला येनार हायत? नवरा कंचा? नवरी कंची?"

"तीच तर गंमत आहे. कुणीच नाही."

"मग यजमान?"

"मी," चारुदत्त म्हणाला. "माझं नाव घाल."

भीमाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. सून नीता स्वयंपाकघरातून बघत होती. तिने नंतर सगळ्यांना सांगितलं, की आई नाहीच म्हणणार होत्या, तोंड उघडलंही होतं, पण ते नाव ऐकलं आणि तोंड मिटलं.

"बोळवनीला बसशील?" भीमाबाईने विचारलं.

"बसेन की."

"मांडी घालून? तांदूल घेऊन? समद्या लोकांपुढं?"

"म्हटलं ना, बसेन."

मग ती गेली. हिरवं नऊवारी नेसून, नथ घालून, जोडीला सोनाबाईला घेऊन. सोनाबाई तिच्यामागे झील धरायची. वयाने लहान, आवाजाने मोठी, आणि नजर अशी की घारीने शिकवणीला यावं. हॉलमध्ये भीमाबाईने घरून आणलेला पाट मांडला, रास घातली, दिवा लावला, आणि गायला लागली.

त्या दिवशी ती जे गायली ते सोनाबाईनेही पुढे नाकारलं नाही. लांबच्या देवांना हाक मारताना आवाज लांब गेला, जवळच्यांना मारताना जवळ आला. आणि 'चारुदत्ताचे दारी, काशिरामाच्या लेकाचे दारी या गो आयांनो' म्हणताना म्हातारीचा आवाज असा काही फिरला की पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हाका संपल्या. गावदेवीही आली, म्हणजे बोलावून झाली. भीमाबाईने श्वास घेतला, आता यजमानाने बसायचं म्हणून मान वळवली.

चारुदत्तने हात वर केला.

"इथे आपण थांबू," तो माइकमध्ये म्हणाला. "आईला वाटेल गाणं अर्धं राहिलं. पण हे अर्धं राहणं हाच धर्म आहे, असं मी गेली तीस वर्षं सांगतोय. बोलावलं, जागा ठेवली, वाट पाहिली. ह्यापुढे जे घडतं ती फक्त व्यवस्था."

टाळ्यांचा पाऊस पडला. लोक उभे राहिले. कुणीतरी भीमाबाईच्या गळ्यात शाल घातली, ती फास घातल्यासारखी तिला लागली. "चारू," ती म्हणाली, "बोळवन."

"हो आये, नंतर. लोकांचे प्रश्न आहेत."

प्रश्न संपले तोवर चहाचं टेबल ठेवायला जागा हवी म्हणून कॉलेजच्या शिपायाने दिवा फुंकला, पाट उचलून भिंतीला उभा केला आणि तांदूळ कागदाच्या प्लेटमध्ये भरले. सोनाबाईने हे सगळं पाहिलं. भीमाबाईने पाहिलं ते सोनाबाईचं पाहणं. रिक्षात दोघी कोनपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. हायवेवर ट्रकांच्या आवाजात न बोलणंही सोपं जातं.

गावात मात्र शब्दांचा तोटा नव्हता. भीमाबाईने हॉलात देव बोलावले, नवरा नाही नवरी नाही, लोक चहा प्यायले आणि देव तसेच उभे. आठवडाभर कुणी तिच्या तोंडावर बोललं नाही. मग पाटलांकडच्या लग्नाला तिला आमंत्रण आलं, पण पत्रिकेचं, गाण्याचं नाही. ती गेली, जेवली, आणि घरी येऊन नीताला म्हणाली, "मटनात मीठ नव्हता." मीठ होतं.  नीता शहाणी सून होती, म्हणजे नुसती बघत राहायची आणि वेळ आल्यावर वापरायची.

त्यातच विठूच्या समृद्धीचं लग्न ठरलं, उन्हाळ्यातलं. भीमाबाईची पहिली नात. दारात मोठा बॅनर लागला, त्यावर सगळ्यांचे फोटो, भीमाबाईचा मध्यभागी, चारुदत्तचा चष्म्यासकट कोपऱ्यात. आणि दुसऱ्याच दिवशी सोनाबाई गावातल्या दोन म्हाताऱ्या घेऊन दारात आली.

"भीमावैनी, बसू का?"

"खुर्च्या बसायलाच ठेवल्यान. पन तू बसायला नाय आयलीस."

"तुमी माझ्या गुरू. मी काय सांगनार तुमाला." असं म्हणून ती सांगायला लागली. "पन तुमच्या तोंडची हाक अजून उघडी हाय. उघड्या हाकेवर दुसरी हाक घालायची नाय, ह्या तुमीच मना शिकवला."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. भीमाबाईला सोनाबाईचं तोंड ओरबाडावंसं वाटलं. पण ते खरंच तिनेच शिकवलं होतं. शिकवताना सोनाबाईच्या पाठीत धपाटाही घातला होता.

"बोळवन करून घेन मी."

"करून घ्या ना. पन ज्याचा नाव घेतला, त्यानंच बसाय पायजे. इठूदादा बसून नाय चालनार." सोनाबाईने पदर सारखा केला. "नाय जमला तर मी हायच. समृद्धी मना काय परकी नाय."

ती गेल्यावर नीता म्हणाली, "एवढं टेन्शन कशाला घेता, आई? पनवेलवरून भटजी सांगू. रात्री डीजे आहेच."

"डीजेला बोलावनं देऊन कंचा देव यील, सांग. तो यील तो बहिरा असंल."

समृद्धी मात्र आजीच्या गळ्यात पडली. "आजी, मला माहीत नाही बाकी काही. माझ्या हळदीला तूच गाणार. लहानपणापासून सांगितलंयस."

"गान," भीमाबाई म्हणाली. "माझ्या नातीला दुसरी बाई गाईल तर मी जीव दीन." मग तिने समृद्धीला काकाचं पुस्तक वाचायला बसवलं. जिथे धवल्याचं आहे तेवढंच वाच म्हणाली. समृद्धी अडखळत वाचत गेली, अर्धं तिलाही कळत नव्हतं. पण एक वाक्य भीमाबाईने दोनदा वाचायला लावलं. विधी करायला विश्वास लागत नाही, विधी विश्वासाच्या आधी येतो. ते तिने गाठीला बांधलं आणि मुलाला फोन केला. तो म्हणाला, हळदीला येतोच आहे, तेव्हा बोलू.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडव सजला. पाहुणे यायला अवकाश होता. मागे मोठ्या टोपात मटण शिजत होतं, पुढे मांडववाल्याची माणसं पंखे लावत होती. भीमाबाईने तोच पाट मांडवाच्या कोपऱ्यात मांडला, तांदूळ ठेवले, दिवा लावला. आधी उघडी हाक मिटवायची, मग नवी घालायची. सोनाबाई खांबाशी बसून होती, साक्षीला म्हणा, टपून म्हणा.

चारुदत्त आला. खादीचा कुरता, खांद्याला झोळी. आईच्या पाया पडला आणि पाटाशेजारची प्लॅस्टिकची खुर्ची ओढून तिच्यावर बसला.

"खाली बस."

"आये, आधी ऐकून घे."

"कान हायत मना, ऐकते. तू आधी बस."

"मी हे नाही करू शकत," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला, वर्गात म्हणतात तसं. "मी तिथे बसून 'जा' म्हटलं तर त्याचा अर्थ ते आले होते. मी आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आलोय की ते येत नाहीत, आणि न येण्यातच त्यांचं देवपण आहे. ते एका दुपारी मोडू?"

"तुझा पुस्तक तर बोलतंय विश्वास लागत नाय."

तो दचकला. मग त्याला आनंद झाला, आणि तो आनंद बघून भीमाबाईचं डोकं आणखी फिरलं. "तू वाचलंस?"

"समृद्धीनं वाचला. मी ऐकला. लोकांना सांगतोस, विश्वास लागत नाय, करा. स्वता करायची पाली आयली का तुना विश्वास आडवा येतो?"

"विश्वास लागत नाही म्हणजे काहीही चालतं, असं नाही."

"हितं हाय तरी कुनी? मी नि सोनाबाई. तुझं चष्मेवालं नाय आयले बघायला."

"मी आहे ना इथे," चारुदत्त म्हणाला. "मला ऐकू येईल."

 हे तिला कळलं. खोटं बोलताना स्वतःलाच ऐकू येतं, हे कुठल्या माणसाला कळत नाही? पण कळलं म्हणून सोडून देईल ती भीमाबाई कसली.

"तुना विश्वास ठेव बोलले का मी? मी बोलले, शब्द पाल. बोळवनीला बसेन म्हनलास. नीतानं ऐकला. म्हनलास का नाय?"

"म्हटलं."

"कशाला म्हनलास?"

चारुदत्तने चष्मा काढला. पुसायला काही नव्हतं तरी पुसला. "त्याशिवाय तू गायली नसतीस."

सोनाबाईने खांबाशी बसल्या बसल्या जीभ चावली. मांडववाल्यांचा एक पंखा सुरू झाला आणि त्याच्या वाऱ्याने दिव्याची ज्योत आडवी झाली. भीमाबाईने हाताचा आडोसा धरला. 

"म्हंजे तवाच ठाव व्हता तुना, बसनार नाय."

"आये, तू हे देवांसाठी करतेयस असं मला सांगू नकोस." आता त्याचाही आवाज चढला आणि चढता चढता कोनवर आला, बेल्जियम गळून पडलं. "देवाची काय काळजी नाय तुला. सोनावैनी तुझ्या जागेवर बसंल, ती काळजी हाय. खरं बोल."

"हाय," भीमाबाई म्हणाली. "मग? ती जागा माझी हाय. माझ्या सासूनं दिली. मी तिच्यावर बसले म्हनून तुझा बेल्जियम झाला, म्हनून तुझा पुस्तक झाला. तुझ्या खुर्चीला कुनी हात लावला असता तर तू गप बसला असतास?"

 चारुदत्त खुर्चीवरून उठला नाही. दिवा जळत राहिला. पाट आणि खुर्ची ह्यांच्यात हातभर जमीन होती, नीताने सकाळी सारवलेली. भीमाबाई त्या जमिनीकडे बघत बसली. तिला वाटलं, आता सरकेल, एक गुडघा तरी टेकेल. लहानपणी तापात असाच हट्ट करायचा, औषध नको म्हणायचा, आणि ती नुसती चमचा धरून बसली की शेवटी तोंड उघडायचा. ती तशीच बसून राहिली. बाहेर पहिल्या पाहुण्यांची गाडी आली. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. चारुदत्तचा फोन वाजला, त्याने तो घेतला आणि इंग्रजीत बोलत मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

भीमाबाईने दिवा फुंकला नाही. तांदूळ झाकले, पाट उचलून आपल्या खोलीत नेला, दार ओढून घेतलं. हाक तिच्या तोंडात उघडीच राहिली. बाहेर येऊन ती सोनाबाईसमोर उभी राहिली. म्हातारीच्या हातात मूठभर तांदूळ होते.

"घे."

"वैनी..."

"घे म्हनते. तोंड वाकडा करू नको. बरा वाटतंय तुना, ते दिसतंय."

सोनाबाईने पदर पसरला. भीमाबाईने त्यात तांदूळ टाकले आणि धवलारणीच्या जागेच्या समोर, पाहुण्यांच्या बायकांत जाऊन बसली. स्वतःच्या घरच्या मांडवात पहिल्यांदा. समृद्धी हळदीच्या पिवळ्या साडीत आली, आजीला तिथे बसलेली पाहिलं आणि रडायलाच लागली. "रडू नको," भीमाबाई तिथूनच ओरडली, "मेकअपला पैसं दिल्यान बापानं."

सोनाबाईने गायला सुरुवात केली. यजमान म्हणून विठूचं नाव घेतलं. आवाज चांगला होता, भीमाबाईला कबूल करावं लागलं, म्हणजे मनात, तेही निम्मंच. डोंगरावरची आई झाली. मग घाईत सोनाबाई एकदम खाडीवर उतरली. भीमाबाई खोकली. असा खोकला की शेजारच्या बाईचा पेला हिंदकळला. सोनाबाईचा सूर लटपटला, ती परत वळली आणि आपट्याच्या नदीकाठचीला घेऊन आली. पुढे सगळं सरळ झालं. भीमाबाईने ओठ मिटून ठेवले होते. एरवी मांडवात कुणीही गायलं तरी तिचे ओठ हलायचे. आज एकदाही हलले नाहीत.

आणि समोर, पुरुषांच्या रांगेत, चारुदत्त मोबाइल उंच धरून सगळं रेकॉर्ड करत होता.

हळद लागली, हशा झाला, बँजोवाले आले. चारुदत्त बायकांतून वाट काढत आईजवळ आला. चेहरा मऊ झाला होता. बहुतेक त्याला वाटत होतं की वादळ ओसरलं. "छान झालं ना, आये," तो म्हणाला. "सोनावैनींचा आवाजही वेगळा आहे. दोन्ही रेकॉर्डिंग्ज शेजारी ठेवून काहीतरी लिहिता येईल. तू त्या दिवशी..."

भीमाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. बँजोवाल्यांकडे तिने नुसता हात केला आणि ते थांबले. ती गावात अजून कुणीतरी होती. नीता ताट घेऊन उभी राहिली, सोनाबाईने मान वर केली, समृद्धीने हळदीचा हात तोंडावर ठेवला.

"चारू," भीमाबाई म्हणाली, "देव आलं का नाय, मना ठाव नाय. इतकी वर्सं गायले, मना ते एकदा पन दिसलं नाय. हे तुना कुनी सांगितला नसंल, लिवून घे. पन तू मना दिसतोस. दुपारपासून दिसतोस. पाट हितं व्हता, तू हितं व्हतास, मधी हातभर जमीन. तेवढा पन तुझ्यानं सरकवला नाय. तुझ्या पुस्तकात बोलावून पन येत नाय तो देव नाय रं, तो तू हायस. माझ्या धवल्यात तुझा नाव एकदा आला, तो पन तू फसवून घातलास नि उघडा टाकलास. आता जेव. मटन चांगला झालाय, पोट भरून जेव, पाहुना म्हनून जेव. मी मेले का माझ्यावर भासन कर, टाल्या घे, मी उठून आडवी यायची नाय. पन माझ्या तोंडात पानी इठू घालंल. तुझा पाट ह्या घरात परत मांडायचा नाय, ह्या मी समद्यांच्या देखत सांगते."